विळ्याची परीक्षा
नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत केवडा रोग आला की मोरचूद आठवतो. तांब्याचा हा निळाशार क्षार; फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ साली चुन्याबरोबरचं त्याचं मिश्रण प्रसिद्ध केलं, तेच आपलं बोर्डो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवायचे, मिसळल्यावर लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला! बांधावरची ही परीक्षा मला फार मोलाची वाटते. पण मोरचुदाचा हाच खडा पोटात गेला तर यकृत-मूत्रपिंडांवर घाला घालतो, पाण्यात गेला तर मासे मारतो. मातीत साठलेलं तांबं कुजून जात नाही. उरलेलं द्रावण ओढ्यात ओतू नका, मोरचुदाची पिशवी मुलांपासून लांब ठेवा.