देवाने वाचवलं?

पूर ओसरला की कोणी ना कोणी म्हणतंच, "आम्हाला देवाने वाचवलं." मला हे वाक्य खटकतं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली. बायका-मुलं बुडाली. त्यांच्याही घरात देव्हारा होताच की! मग त्यांना काय देवाने सोडून दिलं?

तरी माझी श्रद्धा ढळलेली नाही. ती मला आपल्या नृसिंहवाडीने शिकवली. कृष्णा चढते, पाणी देवळात शिरतं, दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडतं. लोक तिथे भक्तिभावाने स्नान करतात. पाणी आणखी चढलं की पुजारी उत्सवमूर्ती उचलून वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. नदीला अडव, असं देवाला कोणी सांगत नाही. देवच तिला जागा करून देतो!

इकडे कोल्हापुरात आपण राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी तासातासाला विचारतो. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. (जुलै २०२१ मध्ये ती ५६ च्याही वर गेली होती.) आकडे बघत बसणं म्हणजे श्रद्धा कमी, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. आधी म्हाताऱ्या माणसांना हलवायचं, सामान माळ्यावर टाकायचं, मग जपाला बसायचं. जपात मी पाणी उतरू दे म्हणत नाही. हातपाय चालू देत, डोकं ठिकाणावर राहू दे, एवढंच मागते. ते मात्र २००५ लाही मिळालं आणि २०१९ लाही.

तुम्ही काय मागता हो?