टाकीतल्यांची बेगमी

मे महिना लागला की आमच्या किनारपट्टीवर बेगमीची घाई सुरू होते. सातपाटीला, मुरब्याला वलांडीवर बोंबील वाळतात, अंगणात जवळा पसरतो. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे ताज्या मासळीचे दिवस संपले. याच दिवसांत बोईसरच्या माझ्या स्वयंपाकघरात आणखी एक बेगमी चालते. टाकीतल्या आठ एंजल माशांची.

दुकानात जिवंत लाल किडे मिळतात, ट्यूबिफेक्स. ते वाढतात घाण पाण्याच्या गाळात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या क्रमवारीत इथलेच तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत प्रदूषित ठरले होते. इथे राहून कुठल्या नाल्यातले किडे मी माशांच्या तोंडी घालू? त्यापेक्षा माझ्या ताटात येते तेच निवडून, धुऊन त्यांना द्यायचे ठरवले.

पालघरच्या बाजारात सातपाटीच्या मावशींना पहिल्यांदा हे सांगितले तेव्हा त्यांचा हात तराजूवरच थांबला. "माशाला मासा घालतेस ताई? तोही विकत घेऊन?" कष्टाने आणलेली मासळी कुणाच्या पोटात जाते, हे विचारण्याचा त्यांना हक्कच होता. मी टाकीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. तेव्हापासून तुटकी, गिऱ्हाईक नाकारते ती करंदी त्या बाजूला ठेवतात. "ही तुझ्या पोरांची."

सोललेली करंदी वाटीभर, मुडदुशीचे मांस अर्धी वाटी, थोडे माकूल. करंदीच्या पाठीतला काळा दोरा काढायचा, मुडदुशीचा काटा बोटांनी चाचपून काढायचा. उकडून साल काढलेले चार मटार, पालकाची दोन पाने. मीठ, तेल, हळद काही नाही. मिक्सरला एकच फेर, भरड राहिली पाहिजे. बांधायला चायना ग्रास. आधी मी जिलेटिन वापरत असे, पण मे महिन्यात टाकीचे पाणी तिशी ओलांडते आणि त्यात जिलेटिन सुटते. चायना ग्रास एकदा गोठला की ऐंशी अंशांपर्यंत वितळत नाही. तो उकळून बोट घालवेल इतका निवला की भरडीत ओतायचा. भरड मात्र फ्रीजमधून काढलेली गार नको, गुठळ्या होतात. मग पिशवीत भरून हाताने पातळ थापायचे, सुरीच्या पाठीने वड्यांच्या रेघा मारायच्या आणि सपाट गोठवायचे. चिक्कीसारखी हवी तेवढी वडी मोडता येते.

तारली स्वस्त असते, तरी ती कच्ची घालत नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटात चॅस्टेक नावाच्या एका कोल्हेपालकाचे कोल्हे कच्चा मासा खाऊन लुळे पडू लागले. त्या शोधातून थायमिनेज हे विकर हाती लागले. काही माशांत आणि शिंपल्यांत ते असते आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. बर्फाने ते मरत नाही, शिजवल्यानेच निकामी होते.

गेल्या जुलैत वादळी रात्री आमच्याकडची वीज गेली ती दुसऱ्या दुपारी आली. वड्या विरघळून पुन्हा गोठल्या होत्या. मला कळलेच नाही. तीन दिवसांत एक एंजल गेला. नक्की त्यानेच गेला का, सांगता येत नाही, पण त्या वड्यांचा वास घेतला आणि सगळ्या फेकल्या. आता फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ ठेवते आणि त्यावर रुपयाचे नाणे. नाणे वर असेल तर ठीक. तळाशी गेले असेल तर मधे सगळे वितळले होते, पिशवी टाकून द्यायची.

वडी टाकीच्या पाण्यात वाटीत भिजवते, चहाच्या गाळणीतून गाळते आणि सुटलेला रस ओतून देते. तो टाकीत गेला की कुजतो आणि अमोनिया वाढतो. दोन मिनिटांत संपेल एवढेच घालायचे. उरले तर काढायचे, जीव कितीही तुटला तरी.

काल मावशी म्हणाल्या, "आता नारळी पुनवेनंतर भेटू. पोरांना पुरेल ना तोवर?" घरी येऊन हिशेब केला. दिवसाआड दोन वड्या, अडीच महिने, म्हणजे शहात्तर. पिशव्यांत चौऱ्याऐंशी आहेत.