धाप लागतेय? दोष चाकांना देऊ नका

ठाणे-डोंबिवलीत पन्नाशीतले सायकलस्वार वाढलेत, याचा डॉक्टर म्हणून मला आनंदच आहे. पण "चढावर धाप लागते, म्हणून हलकी कार्बनची चाकं घेतो" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

हिशेब करा. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो. चाकांत अर्धा किलो वाचला, म्हणजे ०.६ टक्के. येऊरच्या चढाला २० मिनिटं लागत असतील, तर वाचतील ७ सेकंद! फिरणारं वजन जास्त जाणवतं हे खरं, पण ते वेग वाढवताना. एकसारख्या वेगात नाही. सपाट रस्त्यावर मुख्य विरोध हवेचाच असतो.

शर्यतीत ७ सेकंद मोलाचे असतात. हृदयाला मात्र मोल आहे ते आठवड्याच्या किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाचं, आणि तो जुन्या चाकांवरही होतो.

पैसे खर्चायचेच तर हेल्मेट, दिवे आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांना पुरून उरतील असे जरा रुंद टायर घ्या. त्याआधी रक्तदाब, साखर तपासा. नेहमीच्याच चढावर अचानक जास्त धाप लागली, छातीत दडपण आलं किंवा जबड्यात, हातात कळ आली, तर तिथेच थांबा आणि सायकलच्या दुकानात नव्हे, लगेच रुग्णालयात जा.