गृहचिंतन : कूलर कोणीं घ्यावा?

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची वडील बहीण नागपुरास असते. तिच्या घरीं भर वैशाखांत कूलरच्या वाऱ्यानें पांघरूण घ्यावेंसें वाटलें, म्हणून परत येतांच त्यांनींहि तसाच कूलर विकत घेतला. आतां गाद्या दमट, पापडांस बुरशी आणि सासूबाईंचे सांधे धरलेले. गारवा मात्र नाहीं. "यंत्र वाईट निघालें काय?" असें त्या विचारतात. यंत्र चांगलेंच असावें असें आम्हांस वाटतें. हवा निराळी आहे.

कूलर हें आमच्या लहानपणच्या वाळ्याच्या ताटीचेंच यंत्ररूप होय. तेव्हां वऱ्हाड-नागपुराकडे दारांखिडक्यांस वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर वरचेवर पाणी शिंपडीत, आणि तें काम बहुधा मुलांच्या गळ्यांत पडे. वाळा म्हणजे संस्कृतांतील उशीर. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभीं शकुंतलेसाठीं त्याचाच लेप नेत असतात, हें संस्कृत शिकलेल्यांस आठवेल. पुढें शिंपडण्याचें काम पंपाकडे व वाऱ्याचें काम पंख्याकडे गेलें. सृष्टिनियम तोच राहिला. पाणी वाळतांना भोंवतालची उष्णता शोषून घेतें. एक लिटर पाणी वाऱ्यांत उडून गेलें म्हणजे, बर्फासारखें गार असें साडेपांच लिटर पाणी उकळीस आणावयास लागावी इतकी उष्णता त्याबरोबर जाते. परंतु हवा कोरडी असेल तरच पाणी उडणार! नागपूरची दुपारची हवा ४४ अंश तापलेली व तिची आर्द्रता शेंकडा १५ असली, तर चांगल्या कूलरमधून ती २८ अंशांच्या आसपास उतरून येते. ठाण्याच्या ३४ अंशांच्या, शेंकडा ६५ आर्द्रतेच्या हवेंत चार अंश उतरण्याची मारामार, आणि तीहि हवा ओलीचिंब होऊन. घामच वाळेनासा झाल्यावर त्या चार अंशांचा उपयोग काय?

खरेदीपूर्वीं घरच्या घरीं परीक्षा करतां येते. भिंतीवरचा साधा उष्णतामापक घ्यावा (तापाचा नव्हे, त्याचा येथें उपयोग नाहीं). दुपारीं सावलींत त्याचा आंकडा टिपावा. मग त्याच्या खालच्या गोळीस मलमलीची ओली चिंधी गुंडाळून पंख्याच्या वाऱ्यांत कांहीं मिनिटें धरावा व पुन्हां पाहावा. कूलर कितीहि महाग असो, या दुसऱ्या आंकड्याखालीं तो जाऊं शकत नाहीं. दोहोंत १५ अंशांचें अंतर पडलें तर खुशाल घ्यावा. सहा-सात अंशांचेंच असेल तर पैसे छताच्या चांगल्या पंख्यावर किंवा, ऐपत असल्यास, वातानुकूलन यंत्रावर खर्चावे.

ज्यांच्याकडे कूलर शोभतो त्यांनींहि दारें-खिडक्या गच्च लावून बसूं नये. तो खिडकींत बाहेरची हवा ओढील असा बसवावा व समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. ओली हवा जावयास वाट हवी.

आतां जी गोष्ट सांगावयास संकोच वाटतो ती सांगतों. २०१९ च्या मे महिन्यांत आमच्या धाकट्या सूनबाई चालू कूलरच्या टांकींत नळीनें पाणी भरीत होत्या. फरशी ओली, पाय अनवाणी, कूलर पत्र्याचा. हात पत्र्यास लागला आणि त्या किंचाळून मागें फेंकल्या गेल्या. चिकटल्या नाहींत, हें आमचें दैव. हात मात्र दोन दिवस बधिर होता. तपासांत कळलें कीं पंपाची तार आंत सोलवटली होती. तरीहि वीज जमिनींत निघून जाती. पण तिची वाट आम्हींच बंद केली होती. तीन पिनांचा प्लग भोंकांत बसेना, म्हणून आम्हीं बाजारांतून दोन पिनांचा जोड आणून काम भागविलें होतें. तिसरी, जाड पिन भूमिसंपर्काची असते, हें आम्ही वर्गांत अनेकदां शिकविलें होतें!

तेव्हांपासून आमच्याकडे प्लग काढून हातांत घेतल्यावांचून कोणी पाण्याची नळी उचलीत नाहीं. अर्थिंग दर चैत्रांत जाणत्या कारागिराकडून तपासून घेतों, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होतांच प्रवाह तोडणारें आर. सी. सी. बी. हें उपकरण मुख्य फळ्यावर बसविलें आहे. कोणी चिकटलेंच तर त्यास हात न लावतां आधीं मुख्य बटण बंद करावें. घरांतील मुलांसहि तें कोठें आहे तें दाखवून ठेवावें.

टांकी आठवड्यांतून एकदां रिकामी करून, आंतून घासून, कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ सांठलेल्या पाण्यांत वाढतो व आठ-दहा दिवसांत उडूं लागतो. त्याचीं अंडीं पाण्याच्या रेघेच्या किंचित् वर चिकटतात आणि कोरडींहि महिनोंमहिने जिवंत राहतात. म्हणून नुसतें पाणी ओतून भागत नाहीं, घासणें हवेंच. ताट्या दर वर्षीं बदलाव्या. वाळ्याच्या महाग पडतात, पण त्यांच्या सुगंधापुढें आम्ही हिशेब पाहत नाहीं.

ठाण्याच्या भगिनींनीं आपला कूलर नागपूरच्या बहिणीकडे पाठवून द्यावा. धाडण्यापूर्वीं त्याची तार आणि तिसरी पिन तेवढी तपासून घ्यावी.