हौसेची चाके

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या नाक्यावर सकाळी अर्धा तास उभे राहिले, म्हणजे गावातल्या मध्यमवर्गाची सांपत्तिक स्थिती काय, हे खानेसुमारीवाचून कळते. पूर्वी ती माणसाच्या पायांतल्या वहाणांवरून कळे. आता मोटारीच्या चाकांवरून कळते. कंपनीने दिलेले काळे लोखंडी चाक आणि त्यावर प्लॅस्टिकची टोपी, हा झाला निवृत्त शिक्षक. रुपेरी अलॉयचे चाक, हा बँकेतला अधिकारी. आणि ताटाएवढे थोरले काळे चाक, त्याभोवती रिबिनीसारखा निमुळता टायर, अशी गाडी आली की खुशाल समजावे, घरातल्या चिरंजिवांना पहिली नोकरी लागली आहे!

ही हौस वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. फियाट आणि ॲम्बॅसडर यांच्या काळात निवडीचा प्रश्नच नव्हता. फियाटला ५.२०-१४, ॲम्बॅसडरला ५.९०-१५; दुकानदार देईल तो टायर पत्करायचा आणि तो गुळगुळीत झाला की रिमोल्ड करून पुन्हा चढवायचा. आज निवड आहे, म्हणून निवडताना थोडे डोके वापरावे, एवढेच आमचे म्हणणे. त्यातून दिवाळीचा हंगाम आहे, बोनस हातात आहे, आणि पाडव्याला गाडीला झेंडूची माळ घालताना खालची चाके जुनी दिसू लागली की मन उगाच चुळबुळते.

आमच्या आळीतल्या एका कुटुंबात यंदा हाच प्रश्न उभा राहिला. गाडी पाच वर्षांची, टायर झिजलेले. बदलणे भागच होते. चिरंजीव पुण्याला नोकरीला लागलेले. त्यांनी तिकडून सतरा इंची चाकांचे चित्र पाठवले. वडिलांना ते पसंत पडले नाही, पण का पसंत नाही हे सांगता येईना. आजींना दर महिन्याला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावे लागते. म्हणजे हातखंबा, पाली, साखरपा आणि मग आंबा घाट. अखेर तिघेही आमच्या ओटीवर आले, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसणे आम्हांला प्राप्त झाले.

त्यांच्या गाडीचा मूळ टायर १८५/६५ आर १५ ८८ एच. हे सारे टायरच्या बाजूलाच छापलेले असते; पंचांग वाचता येणाऱ्याला ते कठीण जाऊ नये. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. हिशेबाने १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, ज्याचे पेटंट फ्रान्सच्या मिशलॅं कंपनीने १९४६ साली घेतले. १५ हा चाकाचा इंचांतला व्यास. ८८ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरने जास्तीत जास्त ५६० किलो पेलावे. एच म्हणजे वेगाची मर्यादा, ताशी २१० किलोमीटर. तिची चिंता रत्नागिरीकरांनी करू नये.

चिरंजिवांना हवा होता २०५/४५ आर १७.

“काका, मी सगळे मोजून पाहिले आहे,” ते म्हणाले. “बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो. स्पीडोमीटरसुद्धा चुकणार नाही.”

हे त्यांचे म्हणणे खरे होते, हे कबूल केले पाहिजे. मूळ चाकाचा एकूण व्यास ६२१ मिलिमीटर, नव्याचा ६१६. फरक एक टक्क्याच्या आतला. दोन-तीन टक्क्यांपर्यंत चालते, असे जाणते लोक सांगतात. पण व्यास तोच ठेवून चाक मोठे करायचे, म्हणजे मधला टायर बारीक व्हायचा! १२० मिलिमीटरची भिंत ९२ वर आली. बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर चढवले, ते पोराला हादरे बसू नयेत म्हणून. आता पोरेच पदरचे पैसे मोजून ती हवेची गादी कातरून घेतात, याला काळाचा महिमा म्हणावे.

ही गादी म्हणजे केवळ बसणाऱ्याचे सुख नव्हे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे किती वर्षे रेंगाळले, हे गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना विचारावे. त्या रस्त्याने कोकणच्या गाडीवाल्यांना एक गोष्ट शिकवली: पावसाळ्यात खड्डा दिसत नाही, पाणी दिसते. पाण्याखालच्या खड्ड्याची कड जेव्हा टायरला बसते, तेव्हा उंच भिंत दबते आणि परत उठते. आखूड भिंतीला दबायला जागाच नसते. मग ती रिम आणि दगड यांच्यामध्ये चेचली जाते, आतले धागे तुटतात, आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला दिसतो. असा टायर दुरुस्त होत नाही. तो टाकावा लागतो. त्यातून लोखंडी चाक वाकले तर बहुधा ठोकून सरळ करता येते. अलॉयचे चाक तडकते, आणि तडकलेले अलॉय वेल्डिंग करून घाटात नेणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

पण आमच्या मते खरी मेख वजनाच्या आकड्यात आहे, आणि तिकडे कोणी पाहत नाही. साध्या २०५/४५ आर १७ टायरवर तो आकडा ८४ असतो, म्हणजे ५०० किलो. एका चाकामागे ६० किलो गेले. चारांचे मिळून २४०.

“म्हणजे आम्ही चौघांनी उतरून चालायचे की काय?” मातोश्रींनी विचारले. त्या इतका वेळ गप्प होत्या.

त्याच मापात अधिक मजबूत बांधणीचा ८८ आकड्याचा टायर मिळतो, हेही सांगितले पाहिजे. पण तो मुद्दाम मागून घ्यावा लागतो आणि त्यात हवाही जास्त भरावी लागते. आंब्याच्या दिवसांत वाशीला पेट्या नेणाऱ्या पिकअपवाल्याला विचारून पाहा. तो टायरची नक्षी पाहण्याआधी वजनाचा आकडा पाहील. आपण गाडीत पाच माणसे, दोन पेट्या आंबे, नारळाचे पोते आणि वरून फणस घालतो, आणि आपण ओझे वाहत नाही असे समजतो!

आता पाऊस. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. टायर रुंद घेतला की पकड वाढते, ही समजूत कोरड्या रस्त्यापुरती बरीचशी खरी आहे. ओल्या रस्त्यावर मात्र रुंद टायरला समोरचे अधिक पाणी बाजूला सारावे लागते. ते सारता आले नाही की टायर पाण्यावर तरंगू लागतो. स्टिअरिंग हलके होते, ब्रेक दाबला तरी गाडी ऐकत नाही. अमेरिकेत नासाच्या लँग्ली येथील संशोधकांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून १९६३ साली याचा एक हिशेब मांडला, आणि मोटारींनाही तो ढोबळपणे लावतात. टायरमधल्या हवेच्या दाबाचे, म्हणजे पंपावर आपण ज्याला बत्तीस-तेहतीस म्हणतो त्या आकड्याचे, वर्गमूळ काढावे आणि त्याला १६.७ ने गुणावे. म्हणजे साचलेल्या पाण्यावर गुळगुळीत टायर कोणत्या वेगाला तरंगू लागेल, तो किलोमीटरचा आकडा येतो. ३२ दाबाला सुमारे ९४ येतात. दाब २४ वर उतरू दिला तर ८२. हवा तपासली नाही, एवढ्याने बारा किलोमीटर गमावले!

यावरून चिरंजिवांनी एक चांगला प्रश्न विचारला: मग नक्षी कशाला? नक्षीच्या खाचा म्हणजे टायरची गटारे. त्या खोल असतील तोवर पाणी त्यांतून निघून जाते आणि तरंगण्याची वेळ पुढे जाते. नव्या टायरच्या खाचा सुमारे आठ मिलिमीटर खोल असतात, कायद्याने १.६ पर्यंत चालते. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की कायदाच संपला. पण कोकणच्या पावसात कायद्याची वाट पाहू नये. तीन मिलिमीटर उरले आणि मृग तोंडावर आला, तर टायर बदलावा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे कुठे घालायचे, यावर आमच्या ओटीवर बराच वाद झाला. वडील म्हणाले, पुढे. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. बहुतेकांना असेच वाटते. टायर बनवणाऱ्या कंपन्या मात्र मागे घालावेत, असे सांगतात. कारण असे: आंबा घाटातल्या ओल्या वळणावर पुढची चाके घसरली, तर गाडी सरळ जाऊ पाहते, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की बहुधा ताब्यात येते. मागची घसरली, तर गाडी स्वतःभोवती गिरकी घेते, आणि तिला आवरणे पट्टीच्या ड्रायव्हरलाही कठीण. घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काय असते, हे वाचकांना सांगायला नको. मागच्या सीटवर आजी असतात, हे मातोश्रींनी सांगितले. चारही टायर बदलायचे, असे त्या क्षणी ठरले.

चाकांचे मात्र अजून ठरायचे होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ कडे आम्ही त्यांचे लक्ष वेधले. कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मन मानेल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे उचलून धरले आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस आधी चाकांकडे पाहील. मात्र ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जी मापे दिलेली असतात, त्यांत बिनघोर निवड करावी. हौस भागवायची तर त्याच पंधरा इंचांत अलॉयची चाके घ्यावीत. टायर मूळ मापाचा राहतो, आणि तो लांज्याला किंवा साखरप्याला अडलो तरी मिळण्याची आशा असते.

अलॉय घेतानाही नुसता व्यास जुळून भागत नाही. नटांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचे माप आणि चाक आत किती बसते तो ऑफसेट, ही चारही मापे मिळाली पाहिजेत. १०० मिलिमीटरच्या वर्तुळाचे चाक ११४.३ च्या हबवर बसत नाही, आणि बसवून देतो म्हणणाऱ्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नये. चाक बाहेर काढले की गाडी रुबाबदार दिसते खरी. पण बेअरिंगवर ताण येतो आणि जांभ्याच्या वाटेवरचा सारा लाल चिखल दरवाजांवर उडतो.

चाकाच्या रंगाचाही येथे विचार करावा लागतो, कारण आपले गाव समुद्रावर आहे. ज्या अलॉयचा पृष्ठभाग यंत्रावर तासून चकचकीत केलेला असतो, ते दुकानात सर्वांत सुंदर दिसते आणि खाऱ्या वाऱ्यात सर्वांत आधी खराब होते. खडी लागून वरच्या लाखेचा टवका उडाला की खाली पांढरी बुरशीसारखी गंज पसरते. ती टायरच्या काठापर्यंत पोचली, तर हवा हळूहळू निघू लागते आणि पंक्चर काही सापडत नाही. त्यापेक्षा साधे, पूर्ण रंगवलेले चाक बरे. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊन आल्यावर ते गोड्या पाण्याने धुवावे. भाट्याच्या वाळूत गाडी घालू नये, हे तर सांगायलाच नको. पण मे महिन्यात पाहुणे आले की हे कोणाला आठवत नाही.

टायर घेताना दुकानदाराने सूट दिली, तर आधी टायरची जन्मतारीख पाहावी. बाजूला शेवटी चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. रबर नुसते पडून राहिले तरी म्हातारे होते. मुंबईकरांच्या ज्या गाड्या वर्षभर गावच्या खळ्यात उन्हात उभ्या असतात, त्यांच्या टायरची नक्षी कोरी करकरीत असते आणि भिंतीला मात्र भेगा पडलेल्या असतात. पाच वर्षांनंतर दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावे. दहाच्या पुढे, कसाही दिसो, ठेवू नये. नायट्रोजन भरण्याचा आग्रह झाला तर भरावा वा न भरावा; साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि ती हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना मोजणे हे अधिक फलदायी आहे.

राहता राहिली स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तेथे १९०४ साली जादा चाक विकण्याचा धंदा सुरू झाला, आणि नाव आपल्याकडे घरोघर रुळले. भारतात २०२० पासून, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. साखरप्याच्या पुढे रात्री नऊला पंक्चर झालेल्या माणसाला मात्र ती लागते. चारही चाके अलॉयची केली आणि स्टेपनी जुनी लोखंडी राहिली, तर आणखी एक गोष्ट पाहावी: काही अलॉयचे नट निराळ्या बैठकीचे असतात आणि लोखंडी चाकावर नीट आवळले जात नाहीत. आमच्या शेजाऱ्यांनी पंधरा इंची चाके बसवली, तेव्हा कंपनीचे जुने नट चिरंजिवांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जॅकशेजारी ठेवले आणि पिशवीवर खडूने ‘स्टेपनीचे’ असे लिहिले. खडू पुसला जाईल, म्हणून आजींनी त्यांना रंगाची कुपी आणून दिली.