विश्लेषण: '१० नॅनोमीटर अचूकता' म्हणजे नेमके काय?

पुण्यात पाषाणची 'आयसर' असो वा विद्यापीठाच्या आवारातली 'एनसीसीएस', पेशींच्या अभ्यासात फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप लागतोच. प्रथिनाला चमकणारा रेणू जोडायचा, त्यावर लेझर टाकायचा आणि परत येणारा प्रकाश टिपायचा. अशा संशोधनाच्या बातम्यांत '१० नॅनोमीटर अचूकता' असा आकडा वाचायला मिळतो. त्यावर कितपत विसंबावे?

अडचण काय आहे?

चमकणारा रेणू जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो, पण लेन्समधून त्याचा सुमारे २०० ते २५० नॅनोमीटरचा धूसर ठिपका दिसतो. प्रकाश तरंगरूप असल्याने ही मर्यादा येते. एर्न्स्ट अबे यांनी ती १८७३ मध्येच मांडली होती.

मार्ग कसा निघाला?

धुक्यात सिंहगडावरच्या टॉवरचा दिवा पसरट दिसतो, तरी त्याचा मध्य दाखवता येतो. शेजारी दुसरा दिवा लागला, तर मात्र दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून रेणू एकदम न चमकवता थोडे थोडे चमकवायचे आणि प्रत्येकाचा मध्य शोधायचा. २००६ मध्ये हे तंत्र पुढे आले. एरिक बेट्झिग, विल्यम मर्नर आणि वेगळ्या वाटेने अबेंची मर्यादा ओलांडणारे स्टेफान हेल यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग अचूकता कुठे अडते?

फोटॉनच्या संख्येवर. ठिपक्याची पसरण १०० नॅनोमीटर धरली, तर १०० फोटॉनमधून मध्य सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत कळतो, ४०० मधून ५ आणि १०,००० मधून १ नॅनोमीटरपर्यंत. म्हणजे दुप्पट अचूकतेला चौपट फोटॉन हवेत. रेणू मात्र ठरावीक फोटॉन देऊन कायमचा विझतो. आजूबाजूचा उजेड चूक आणखी वाढवतो. हेल यांच्या गटाच्या 'मिनफ्लक्स' तंत्राने कमी फोटॉनमध्ये १ नॅनोमीटरच्या आसपास मजल मारली आहे.

आकडा वाचताना काय पाहावे?

हा आकडा चमकणाऱ्या रेणूच्या जागेचा असतो, प्रथिनाच्या जागेचा नव्हे. रेणू प्रतिपिंडाच्या मदतीने जोडला असेल, तर तो प्रथिनापासून १० नॅनोमीटर किंवा अधिक दूर असू शकतो. मोजणी चालू असताना नमुना किंचित सरकला, तरी जागा चुकते. या चुका फोटॉन वाढवून जात नाहीत. औषध संशोधनात 'ही दोन प्रथिने एकमेकांना चिकटतात' असा निष्कर्ष केवळ अशा चित्रावरून काढला असेल, तर रेणू कसा जोडला होता हे आधी पाहावे.