हाकेच्या अंतरावर सिस्टर



हा दिवाळी अंक हाती पडेल तेव्हा पेडगावच्या शिवारात कापसाची वेचणी चालू असेल आणि परभणी जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघत असतील. अशा टोळीत सातवा महिना लागलेली एखादी बाईही असते. गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या वहीत तिचं नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. बाई मात्र दूर कुठल्या तरी फडात. तिचा घोर ज्यांना लागतो, त्या उपकेंद्रातल्या परिचारिकांसाठी, म्हणजे सिस्टरांसाठी यंदाचं हे संपादकीय.

पेडगाव मनमाड–परभणी रेल्वेमार्गावर आहे, परभणीही जवळ आहे. पण कळा गाडीची वेळ पाहून येत नाहीत. पूर्वी रात्री-अपरात्री सुईणीला हाक जायची. तिच्या हाताला अनुभव होता, पण अंगावरून जाणारं रक्त थांबवणारं औषध नव्हतं. रमाबाई रानड्यांच्या, १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने बायकांना परिचारिका म्हणून घडवलं. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने खेड्यातल्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्यसेविका केलं. बाईला शिकवून तिच्यावर भरवसा टाकला, तर गाव सावरतं, हे दोघांनीही दाखवलं.

२०१८-२० च्या नमुना नोंदणीत देशात लाख जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. यात सिस्टर आणि आशाताईंच्या पायपिटीचा मोठा वाटा आहे. तरी सपाट मुलखात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, हाच निकष. लसीकरण, कुटुंबनियोजन, साथीचं सर्वेक्षण, ऑनलाइन नोंदी, सगळं सिस्टरच्याच गळ्यात. त्यात अनेकजणी वर्षानुवर्षं कंत्राटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ मध्ये जगात ५८ लाख परिचारिका कमी होत्या. गरीब देश त्यांना शिकवतात, श्रीमंत देश पगार देऊन नेतात.

वाट आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये परिचारिकांसाठी १८ महिन्यांचं प्रसाविका प्रशिक्षण आखलं. साधं बाळंतपण स्वतःच्या अधिकारात करणारी प्रसाविका त्यातून घडायची आहे. ती मराठवाड्याच्या खेड्यांत यायला हवी. तोडणीला निघालेल्या गरोदर बाईची नोंद फडाजवळच्या सिस्टरपर्यंत पोचायला हवी. आणि वह्या भरायला दुसरा माणूस हवा. सिस्टरचे हात बाळंतिणीसाठी मोकळे राहू द्या.

दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत एवढं विचारा: आपल्या उपकेंद्रात रात्री दिवा लागतो का? नळाला पाणी येतं का? सिस्टरला निर्धास्त राहता येईल असं घर आहे का? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.